थांबण्याआधी चूळ

मी एक जुनी डिझेल गाडी बोलतेय. सध्या वाहन तपासणी कार्यालयाच्या मागच्या आवारात, तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी आहे. माझ्या काचेवर एक पिवळा कागद चिकटवलाय आणि त्यावर 'त्रुटी' एवढा एकच शब्द लिहिलाय. त्रुटी माझ्यात आहे की त्या कागदात, ते तुम्ही सगळं ऐकून ठरवा. फक्त माझी कीव करायला येऊ नका. चोवीस वर्षांत मला ती कधी लागली नाही.

माझं इंजिन अशा काळातलं आहे, जेव्हा इंजिनं नखरे करत नसत. जाड, ठोकळ्यासारखं, आवाजाला मोठं, पण खाण्यापिण्याची तक्रार नाही. पहिली नऊ वर्षं मी एका फोटो स्टुडिओवाल्याकडे काढली. तो मला रोज धुवायचा आणि आठवड्यातून एकदा चालवायचा. माणसं गाडी चालवायला घेतात असा माझा भाबडा समज होता. शेजाऱ्याला दिसावी म्हणूनही घेतात, हे मला त्याच्याकडे कळलं. त्याने नवी घेतली आणि मला बाबांनी घेतलं.

बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. बोल्टपासून बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावण्यात त्यांची तीस वर्षं गेली. घरातही तोच खाक्या. टूथपेस्टची नळी संपली की ते ती कात्रीने उभी चिरायचे आणि आतून पुसून घ्यायचे. रस्त्याला उतार लागला की माझं इंजिन बंद करायचे, गिअर काढायचे आणि मला नुसती घरंगळू द्यायचे. "उतार म्हणजे फुकटचं डिझेल," असं म्हणून शेजारी बसलेल्याकडे अशा नजरेने बघायचे, की जणू तो उतार त्यांनीच बांधलाय. माझे ब्रेक दगडासारखे जड व्हायचे. पण मी गुमान घरंगळायचे. ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिनेच घोळ घातला.

त्यांच्या मुलीला घरात चिमणी म्हणतात. ही चिमणी अंगापिंडाने मोठ्या माणसाला काखेत हात घालून खाटेवरून खुर्चीत बसवते. ती फिजिओथेरपिस्ट आहे. जे दवाखान्यात येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी जाते. असे तिचे तीन पेशंट डोंगरावर राहतात. त्यातले एक गवंडी. वरची निम्मी घरं त्यांनी बांधलेली, पण अर्धांगवायूने डावी बाजू गेली आणि स्वतः बसवलेला घराचा उंबरठा त्यांना ओलांडता येईना.

डिझेल महाग होत गेलं तसा डोंगर उंच होत गेला. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, एका विमा कचेरीत कारकून आहे. तो एकदा जेवताना म्हणाला, "वरचे पेशंट सोड. त्यांच्याकडून येतं त्याहून जास्त गाडीत जातं."

"आणि गवंडीकाकांनी काय करायचं? उंबरठ्याकडे बघत बसायचं?"

"मी तुला हिशोब सांगितला. भाषण नको."

ती ताटावरून उठली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या तळणीच्या दुकानात गेली. तिथले काका दिवसभर बटाट्याचे काप तळतात आणि दर दोन दिवसांनी कढईतलं काळं तेल मागच्या गटारात ओततात. वर्षानुवर्षं ओततात. गटार तुंबतं, सगळे नाकाला रुमाल लावतात आणि काप खायला तिथेच येतात.

"काका, हे तेल मला द्याल?"

"कशाला गं? डोक्याला लावायला?"

"गाडीला पाजायला."

काकांचा झारा हवेतच राहिला. मग म्हणाले, "ने की. पण तिला अपचन झालं तर माझ्या दुकानासमोर आणून उभी करायची नाही."

महिनाभर अंगणात चिमणीने माझ्यावर शस्त्रक्रिया केली. तेल जुन्या चादरींतून दोनदा गाळायचं, पिंपात आठवडाभर निवळू द्यायचं, म्हणजे पाणी आणि चुरा तळाशी बसतो. डिकीत दुसरी टाकी बसवली. इंजिनाचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून तिच्या पोटात फिरवलं, कारण थंड तेल घट्ट असतं आणि माझ्या बारीक नळ्यांतून ते जात नाही. डॅशबोर्डवर एक बटण आलं. सुरू व्हायचं डिझेलवर, अंग तापलं की बटण दाबून तेलावर जायचं, आणि थांबण्याआधी दोन-तीन मिनिटं पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे नळ्यांतलं तेल जळून जातं आणि पुढच्या वेळी मी सुरू होते.

हा शेवटचा नियम चिमणीने सगळ्यांना एका वाक्यात शिकवला. "जेवण झालं की चूळ भरायची. तिनेही."

पहिल्याच दिवशी मी चढ चढले. धूर पूर्वीपेक्षा कमी, आवाज जरा मऊ, आणि मागे तळणीचा वास. वळणावरची दोन कुत्री मैलभर माझ्या मागे आली. दादा म्हणाला, "आपली गाडी गेली की लोकांना भूक लागते. मागे एक मिठाची बरणी बांध." हसा म्हटलं. जगाला जे फेकायचं होतं, ते खाऊन मी डोंगर चढत होते. तुमच्यापैकी किती जणांना हे सांगता येईल?

तिकडे गवंडी काठीच्या आधाराने खाटेपासून खिडकीपर्यंत येऊ लागले. माझा वास आला की ते स्वतःहून उठून बसायचे.

मग तो कडाक्याच्या थंडीचा बुधवार आला. बुधवारी बाबा मला चालवायचे. चिमणीला गवंड्यांच्या घरी सोडून ते पायथ्याच्या वेल्डरकडे निघाले. गवंड्यांच्या वॉकरचा पाय जोडून आणायचा होता. उतार सुरू झाला आणि बाबांचा हात आपोआप किल्लीकडे गेला. बटण तेलावरच होतं. चूळ नाही, काही नाही. इंजिन बंद.

मला ओरडायचं होतं, पण माझा आवाज तर त्यांनीच किल्ली फिरवून बंद केला होता. मी घरंगळत खाली आले. वेल्डरने त्यांना तीन तास बसवून ठेवलं. थंड वाऱ्यात माझ्या नळ्यांतलं तेल घट्ट झालं. बाबा आले, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, बॅटरी उतरेपर्यंत फिरवत राहिले. शेवटी एका ट्रॅक्टरने मला ओढत घरी आणलं. चिमणी डोंगर पायी उतरून आली.

"काय झालं, बाबा?"

"काय व्हायचंय? पडली बंद," बाबा म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

तेवढ्याच दोन शब्दांत सगळा दोष तेलावर गेला. दादाला आयतं सापडलं. "मी सांगत होतो. इंजिनाची कढई केलीस तू." चिमणी माझ्या बॉनेटशी उभी राहून आपलं काय चुकलं ते शोधत होती. चादर पुन्हा तपासली, पिंपाचा तळ तपासला. आणि खरं ज्याला ठाऊक होतं, तो माणूस आत बसून वर्तमानपत्राच्या कडा सरळ कापत होता. आपली चूक माणूस किती नीटनेटक्या कामाखाली लपवतो, ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दादाने भंगारवाला आणला. त्याने माझ्या दारावर बोटांनी वाजवलं, टायरला लाथ मारली आणि विचारलं, "तेलावर चालवत होता ना? मग आत सगळं चिकट झालं असणार. पत्र्याचा भाव देतो."

चिमणीने बॉनेटवरचा हात काढून घेतला. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच हरलेला बघत होते.

बाबा दारातून म्हणाले, "गाडी द्यायची नाही."

"बाबा, आता तुम्हीही?" दादा वैतागला.

"मी उतारावर इंजिन बंद केलं होतं. तेलावरच." बाबा भंगारवाल्याकडे बघून बोलत होते, मुलीकडे बघायची त्यांना सोय नव्हती. "तेल चांगलं होतं. गाडीही चांगली होती. चालवणारा चुकला."

भंगारवाला आल्या वाटेने परत गेला. मग चिमणी म्हणाली, "फुकटचं डिझेल बरंच महागात पडलं की."

"पडलं," बाबा म्हणाले. त्यांनी बाह्या सावरल्या.

रविवारचा अख्खा दिवस त्यांनी माझ्या नळ्या एकेक काढून किटलीतल्या गरम पाण्याने शेकल्या, पुसल्या, सुकवल्या. फिल्टर बदलला, बॅटरी चार्ज करून आणली. संध्याकाळी मी एका हाकेत सुरू झाले. मग त्यांनी स्टोअरमधल्या अक्षरात एक चिठ्ठी लिहिली आणि बटणाच्या वर चिकटवली: थांबण्याआधी चूळ.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मी आज डोंगरावर असते. पण जुन्या गाडीला तपासणी चुकत नाही. माझी तारीख आली. बाबा चालवायला, चिमणी शेजारी. निरीक्षक थकलेला, सभ्य माणूस होता. माझ्या मागे येऊन त्याने हवा हुंगली.

"काय तळताय?"

चिमणीने सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. त्याने धूर मोजला. आकडा बघून यंत्रावर चापट मारली आणि पुन्हा मोजला. तोच आकडा, मर्यादेच्या पुष्कळ खाली.

"धूर ठीक आहे," तो म्हणाला. "पण इंधनाच्या रकान्यात काय लिहू? पेट्रोल, डिझेल, गॅस, वीज. यात तेल नाही."

"मग पाचवा रकाना काढा."

"तो मी काढू शकत नाही."

"कोण काढतं?"

"अर्ज करा."

"अर्जाचा नमुना द्या."

"या कामाचा नमुना नाही, बाई." त्यालाही ते बोलताना जरा ओशाळल्यासारखं झालं. "असं करा, बाहेर मेकॅनिक आहे. तासाभरात डिकीतली टाकी काढून आणा, मी आत्ता पास करतो. नाहीतर निर्णय होईपर्यंत गाडी इथे राहील."

तळणवाले काका इतकी वर्षं गटारात तेल ओतत होते, त्यांना कधी कुणी रकाना विचारला नव्हता. वाया घालवायला परवानगी लागत नाही, वापरायला मात्र लागते. तुमच्या या शहाणपणापुढे मी माझं बॉनेट टेकवणार नाही.

चिमणीने बाबांकडे पाहिलं. टाकी काढली तर आज घरी जाता आलं असतं, पण डोंगर कायमचा सुटला असता. ती म्हणाली, "टाकी निघणार नाही. मला कोरा कागद द्या. नमुना मीच तयार करते."

"बघा बुवा." निरीक्षकाने पिवळा कागद काढला. "मागच्या आवारात लावा, इंजिन बंद करा आणि किल्ली द्या."

बाबांनी मला या कुंपणापाशी आणलं. निरीक्षकाने हात पुढे केला. बाबांनी किल्ली फिरवली नाही. बटण डिझेलवर केलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसून राहिले.

"अहो, बंद करा ना. मला पुढची गाडी बघायचीय."

"तीन मिनिटं थांबा," बाबा म्हणाले. "तिला चूळ भरू द्या."

ज्या माणसाने जन्मभर थेंब वाचवायला प्रत्येक उतारावर माझं तोंड बंद केलं, तो उभ्या गाडीत तीन मिनिटं डिझेल जाळत बसला. माझ्या नळ्या स्वच्छ झाल्यावरच त्याने किल्ली दिली.

याला आज एकवीस दिवस झाले. चिमणीचा पाच पानी अर्ज आत कुठल्या तरी टेबलावर आहे. दर सोमवारी ती खिडकीवर जाऊन विचारते आणि मग कुंपणाशी येऊन मला बातम्या देते. दादाने तिला स्वतःची स्कूटर दिलीय. देताना म्हणाला, "घे. पण हिला काही तळलेलं घालू नकोस." तळणवाले काका तेल डब्यात भरून ठेवतात, गटारात ओतत नाहीत. आणि परवा गवंडी उंबरठा ओलांडून अंगणात आले. आल्या आल्या म्हणाले, "स्कूटरवर आलीस होय? तरीच वास आला नाही. गाडीला कुठे ठेवलंस?"

मी इथे आहे, काका. माझ्या शेजारच्या गाड्यांच्या चाकांत गवत आलंय, त्यांच्या टाक्यांत गंज आहे. त्या जशा थांबल्या, तशाच थांबल्या. त्यांच्या रांगेत मला धरू नका. डिकीत गाळलेलं तेल आहे, बटणावर बाबांची चिठ्ठी आहे. ज्याला पुन्हा निघायचं नसतं, तो चूळ भरण्याची तसदी घेत नाही.

मी भरली आहे. तुमचा रकाना तयार झाला की किल्ली घेऊन या.