चाळणीला खारट कळत नाही

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. लाकडी चौकट आणि तारेची जाळी, एवढाच माझा संसार. २०१४ साली विवळवेढ्याच्या जत्रेत तलासरीकडच्या बायजीने मला चार वेळा उलटसुलट करून पाहिलं आणि डोक्यावर घालून घरी नेलं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी बायजी रोपांसाठी माती तयार करी. दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं ओहोळातली रेती आणि ओंजळभर भाताचा तूस. माती, खत, रेती सगळं माझ्यातून जाई. खडे वर राहत, भुसभुशीत माती खाली पडे. मग ती दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरायची. "चाळण बेस हाय," असं बायजी म्हणाली की मी उगाच फुगून जाई.

त्या पिशव्यांत पेरलं जाई बायजीच्या आईकडून आलेल्या वांग्याचं बी. ते दुसऱ्या कुणाकडेच उरलं नव्हतं. सुक्या भोपळ्यात राख घालून ती ते जपून ठेवी.

२०१६ साली बायजी तापाने पडली. सून दक्षा नवीनच आलेली, डहाणूच्या किनाऱ्याजवळची. तिच्या माहेरी अंगणात घालतात ती रेती समुद्राचीच. सासूला बरं वाटावं म्हणून तिने माहेरहून गोणीभर रेती आणली. काय सुंदर रेती! एकही खडा नाही, सर्रकन खाली. बारीक ते चांगलं, एवढंच मला कळतं. मी खूश झाले.

बायजीने भोपळ्यातून काढून दिलेलं बी दक्षाने पेरलं, ते उगवलं. पण आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि एकेक रोप मान टाकू लागलं. बायजी भिंतीला धरत बाहेर आली. तिने पिशवीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"हे तं खारट हाय! रेती कठली?"

"दर्याची, आई," दक्षा रडकुंडीला आली. "माना ठावं नव्हतां. बी गेलां ना सगळां?"

बायजीने भोपळा हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. सगळं बी एकदम पेरायचं नाही, ही तिची सवय. अकरा बिया निघाल्या.

माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खारी रेती तशीच अंगावर ठेवून मला पागोळीखाली टाकलेलं. मधली तार गंजून तुटली. "भंगारात दे," बायजी म्हणाली. मला फार वाईट वाटलं. पण दक्षाने मला ओढ्यावर नेऊन खसखसून धुतलं, भोकाला तारेचं ठिगळ लावलं आणि ओहोळातली रेती आणून नवी माती चाळली. ठिगळाशी ती जरा अडखळते, एवढंच.

अकरापैकी नऊ उगवल्या.

मित्रांनो, आम्हांला फक्त जाड आणि बारीक कळतं. खारट तुम्हीच ओळखायचं, आणि काम झालं की आम्हांला धुऊन कोरड्या जागी टांगायचं.

आता २०१९ आहे. दक्षा रेती आधी जिभेवर ठेवते, मगच माझ्यात ओतते. यंदा बी राखेत घोळून झाल्यावर बायजीने भोपळा नेहमीच्या खुंटीला अडकवला नाही. तो तिने दक्षाच्या हातात दिला.