टांगलेला बन

जिनदासला तोंड दाखवायला सांगितलं की तो पाठ दाखवायचा. दातांच्या डॉक्टर इनोकाबाई गावात तपासणीला आल्या रे आल्या की स्वारी नारळाच्या बागेत पसार. पानाचा तोबरा मात्र सकाळपासून चालू. हल्ली भाताचे घास चिमणीएवढे घ्यायचा, मिरची लागली की डोळ्यांतून पाणी काढायचा आणि वर म्हणायचा, "वय झालं."

वय कसलं डोंबलाचं! त्याची बायको यसवती रोज ते घास बघायची आणि धास्तावायची. तिच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. तोंडाच्या कॅन्सरनं गेला बिचारा. ती नवऱ्याजवळ रडली, भांडली, अबोला धरला. ढिम्म हलला नाही. मग तिनं डोकं चालवलं.

सिंहली नववर्षाचे खेळ विहारासमोरच्या मैदानात होतात. दोरीला गोड बन टांगायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि नुसत्या तोंडानं बन खायचा. या खेळात जिनदासचा हात, म्हणजे तोंड, धरणारा गावात कुणी नव्हता. यसवतीनं गुपचूप त्याचं नाव दिलं आणि पंच म्हणून इनोकाबाईंना बसवलं.

कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं. सगळं गाव टाळ्या पिटायला लागलं.

"अगं, हा चावटपणा कुणाचा?" जिनदासनं दबक्या आवाजात विचारलं.

"लोकांचं प्रेम हो. जा आता, हसं करून घेऊ नका."

गेला बापडा. बन नाकावर आपटला, हनुवटीवर आपटला, तोंडात काही शिरेना. जबडा जेमतेम दोन बोटं उघडत होता. बाकीच्यांचे बन संपले तरी हा आपला साखरच चाटतोय. "मामा, खाताय की मुका घेताय?" कुणीतरी ओरडलं. मैदान हसलं. यसवतीला हसू येईना.

इनोकाबाई बॅटरी घेऊन पुढे झाल्या. "मामा, सगळ्या गावानं बघितलं. आता मलाही बघू द्या."

लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्यानं जमेल तेवढा आ केला.

"गाल आतून कडक झालेत," बाई म्हणाल्या. "वाईट डाग मात्र कुठे दिसत नाही. सुपारी आजपासून बंद आणि तपासायला येत राहायचं. चालढकल केलीत तर अवघड होईल."

यसवतीचा जीव भांड्यात पडला. ती पदरानं डोळे पुसत हसायला लागली.

"एवढं हसू येतंय ना, मग हिचंही बघा," जिनदास फणकारला. "पान खायला हिनंच शिकवलंय मला."

"बघा की!" यसवतीनं तोंडातल्या पानाची तांबडी पिंक टाकली आणि ऐटीत तोंड उघडलं. अख्खा बन गेला असता.

बॅटरी डाव्या गालावर थांबली. बाईंचं हसणं थांबलं.

"मावशी, इथे दुखतं?"

"छे, काहीच नाही."

"पांढरा-लाल चट्टा आहे. तुकडा काढून तपासायला हवा. वाईट निघालं तरी अजून लहान आहे, काढून टाकता येईल. पण उद्याच दवाखान्यात या."

यसवतीनं पदर तोंडावर ओढला. आपण मागे राहू, याच भीतीनं तिची झोप उडाली होती. हा मागे राहील, हे तिच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं.

"उद्या नको," ती पुटपुटली. "सण होऊ दे, मग बघू."

जिनदासचे हात अजून बांधलेलेच होते. तो तसाच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"यसवती, पळायच्या सगळ्या वाटा मला ठाऊक आहेत," तो म्हणाला. "उद्या तुला मी नेणार."