जावयाची गाडी

पळस्प्याच्या नाक्यावर एका टेंपोने प्रदीप घरतच्या नव्या गाडीची डावी बाजू अशी काही खरवडली, की मागच्या दारापासून पुढच्या दिव्यापर्यंत पत्रा आत गेला आणि बंपर रस्त्याला टेकला. टेंपोवाला पसार झाला. प्रदीपला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तोंड असं केलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, घरातलं कोणी गेलं. त्याने बायकोला फोन केला. बायकोने, म्हणजे दीपाने, तिच्या भावाला केला.

दीपाचा भाऊ बळीराम. जवळच्या कोन गावात त्याचं गॅरेज, पत्रा ठोकायचं आणि रंग मारायचं. हातातलं काम टाकून मोटरसायकलवर धावत आला, तो आधी गाडीकडे बघेचना. जावयाची मान बघितली, खांदा दाबून बघितला. "लागलं नाय ना कुठं? खरं सांगा." मग जीव भांड्यात पडल्यावर त्याने पाठीवर थाप मारली, आणि प्रदीपच्या पांढऱ्या शर्टावर काळा पंजा उठला. "असू दे, दादा," असं प्रदीप तोंडाने म्हणाला. मनात म्हणाला, गेला शर्ट. आता काय बोलावं असल्या माणसाला!

बंपर तारेने बांधता बांधता बळीराम एकदम हसला. "जावयबापू, विमा हाय ना गाडीला?"

"आहे की."

"मग यावेळी तुमी गप बसायचं. बिल कंपनीला लावतो. तुमच्याकडून घेता येत नाय, पण कंपनीनं काय माझी बहीण नेलीय?"

हे कळायला आमच्याकडची रीत माहीत हवी. जावयाकडून पैसे घेत नाहीत. प्रदीपची आधीची जुनी गाडी बळीरामने किती वेळा ठोकून सरळ केली, कितीदा रंगवली, त्याची मोजदाद नाही. दर वेळी प्रदीप खिशात हात घालायचा, बळीराम ओरडायचा, "हात काढा आधी!" आणि प्रदीप काढायचा. खरं सांगायचं तर जरा लवकरच काढायचा. वर बळीरामची बायको रंभा डिकीत एक पिशवी ठेवायची. कधी तांदूळ, कधी वाल, कधी सुकट, परसातल्या शेवग्याच्या शेंगा. लेकीच्या घरी गाडी रिकामी पाठवायची नाही, ही दुसरी रीत. बाकीची गिऱ्हाइकं वेगळी. ती सगळी बळीरामची "शेठ". रिक्षावाला आला तरी शेठ, बिल्डर आला तरी शेठ, आणि शेठकडून पैसे रोख.

तेव्हा या माणसाला आपल्या जावयाचं काम करून चार पैसे मिळवायची ही पहिलीच संधी आली होती, आणि तीही कोणाच्या खिशाला हात न लावता. त्याने नुकतीच रंगकामासाठी बंद खोली बांधली होती, धूळ बसू नये म्हणून. पक्क्या बिलाची सोय केली होती. "तुमचीच गाडी पहिली आत लावतो," तो म्हणाला. "कंपनीचा माणूस येऊन बघल ना काम? एकदा बघू दे. मग रांग लागल आपल्याकडं."

"सोमवारी आणतो," प्रदीप म्हणाला. शब्द दिला त्याने. भर रस्त्यात, गाडीवर हात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. गोड बोलली. म्हणाली, "सर, आमच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये गाडी दिलीत तर परस्पर आम्हीच पैसे भरू. तुमच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये दिलीत तरी चालेल. फक्त बिल आधी तुम्ही भरायचं, मग आम्ही ते तुम्हाला देऊ." म्हणजे अडचण काही नव्हती. तळोज्याला चांगल्या कंपनीत खरेदी खात्यावर बसलेल्या माणसाला चार दिवस पैसे अडकले तर काय उपाशी राहायची पाळी येत नाही.

पण खांदा कॉलनीत प्रदीपच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कल्पेश राहायचा, आणि कल्पेशकडे तशीच गाडी होती. तो लिफ्टमध्ये भेटला. "लोकल गॅरेजला नको हां देऊस. वाट लावतात, यार. कळंबोलीच्या बाजूला मोठं वर्कशॉप आहे, तिकडे मीच येतो तुझ्याबरोबर. तुझ्या ओळखीचं आहे का कोणी?"

प्रदीपच्या डोळ्यांसमोर कोन आलं. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकची खुर्ची, स्टीलच्या पेल्यातला चहा. कल्पेशसमोर बळीराम काळे हात पसरून धावत येणार आणि आळीला ऐकू जाईल असं ओरडणार, "आमचे जावई आले!"

"नाही, ओळखीचं कोणी नाही," प्रदीप म्हणाला.

सात पिढ्या उरणकडच्या मिठागरांत राबलेल्या घरातला हा मुलगा. बापाच्या टाचांच्या भेगा अखेरपर्यंत बुजल्या नव्हत्या. आणि याला काळ्या हातांची लाज! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने तर कळसा काखेत आहे हेच नाकारलं.

वर्कशॉप होतंच झकास. काचेच्या भिंती, थंड हवा, बटण दाबलं की कॉफी. टाय लावलेला माणूस "सर, सर" करत गाडीभोवती फिरला. प्रदीपने सही केली. मग बाहेर येऊन, कल्पेशपासून जरा लांब उभं राहून, त्याने बळीरामला फोन लावला.

"दादा, कंपनी ऐकत नाही हो. त्यांच्या यादीतल्या वर्कशॉपलाच द्यावी लागते. नियमच आहे तसा."

पलीकडे हातोडीचा आवाज चालला होता, तो थांबला. "मी खोली मोकळी ठेवली व्हती," बळीराम म्हणाला. मग लगेच स्वतःच म्हणाला, "असू दे, असू दे. नियम हाय तर तुमी तरी काय करणार? गाडी नीट बघून घ्या मातर."

घरी दीपालाही त्याने तेच सांगितलं. तिने कंपनीच्या नावाने बोटं मोडली. "मेल्यांना काय कळतं दादाचं काम! त्याचा किती जीव होता यात. तुम्ही भांडला असाल ना?" प्रदीप म्हणाला, "भांडलो की." तिने त्याला आग्रहाने अजून एक भाकरी वाढली. ती त्याने खाल्ली, कशी खाल्ली त्यालाच ठाऊक.

गाडी यायला उशीर होत गेला. विचारलं की वर्कशॉपवाले सांगायचे, काम चालू आहे, सर. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या ड्रायव्हरने गाडी सोसायटीत आणून लावली. अशी चकचकीत, की दार कुठे चेपलं होतं ते प्रदीपला स्वतःला सापडेना. कल्पेशने बॅटरी मारून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. "बघितलंस? उगाच नाही मी म्हणत. कोनाकोपऱ्यातल्या गॅरेजवाल्याला जमलं असतं हे?" प्रदीप खुशीत हसला. दीपाही खाली आली होती. तिने सहज डिकी उघडली.

आत एक पिशवी होती.

कापडी, पिवळी. तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं होतं, मनस्वीच्या हळदीचं आग्रहाचं निमंत्रण. मनस्वी म्हणजे बळीरामची मुलगी, गेल्याच वर्षी तिचं लग्न झालं, आणि निमंत्रणाबरोबर वाटून उरलेल्या पिशव्या रंभा अजून वापरत होती. आत तांदूळ होते, वाल होते, आणि कागदात बांधलेल्या सुकटीचा वास डिकीभर दरवळत होता.

"अगो बाई!" दीपा ओरडली. "ही तर वहिनीची पिशवी! गाडी दादाकडे गेली होती?"

कल्पेश "काय झालं?" म्हणून बघत राहिला. दीपाने तिथेच उभ्या उभ्या भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हां, आलीवती ना आमच्याकडं," बळीरामचा आवाज आला. "मोठ्या वर्कशॉपात गर्दी झाली की ते ठोकायचं, रंगाचं काम आमच्यासारख्यांकडं देतात. तू स्पीकरवर हायेस काय गो?"

"हो. हे पण आहेत इथे."

तिकडून खोकल्याचा आवाज आला. मग बळीराम मोठ्याने बोलला, "मग त्यांचेच उपकार म्हणायचे! जावयबापूंनीच शब्द टाकला आसल तिकडं. कंपनीचा नियम पण मोडला नाय आन् आमाला काम पण दिलं. डोकं हाय तुझ्या नवऱ्याला!"

दीपाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं फार क्वचित पाहिलं असेल. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "सांगितलं का नाही मला?" ती म्हणाली. "मनात ठेवून कसं बसता येतं तुम्हाला?"

खरं बोलायला हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"त्यात काय सांगायचं," प्रदीप म्हणाला.

त्या रात्री दीपाने हौसेने सुकटीचं कालवण केलं. प्रदीपला एकेक घास दगडासारखा लागत होता. लोक चोरी करतात, पकडले जातात, मार खातात आणि सुटतात. याला चोरीबद्दल वर हार घातला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला जेवता जेवता कळलं.

रविवारी तो एकटाच कोनला गेला. निमित्त म्हणून मागचा दिवा सैल झालाय असं घरी सांगितलं. जाताना रस्त्यात थांबून तो स्वतःच सैल केला. बघा, खरं सांगायला निघालेला माणूस, तोही खोटं बरोबर घेऊन!

बळीराम एका जीपच्या दारावर वाकला होता. त्याने मान वर केली, पण धावत आला नाही. रंभाने खुर्ची दिली. प्रदीप बसला नाही.

"दादा," तो म्हणाला, "मी कोणाला शब्दबिब्द टाकला नव्हता."

"म्हाईत हाय."

"आणि कंपनीचा तसा नियम..."

"ते पण म्हाईत हाय." बळीरामने हातोडी खाली ठेवली. "गाडी घेऊन आला त्या माणसाला मी विचारलं. बोललो, नियम कसला हो हा, घरच्या माणसाचं गॅरेज चालत नाय? तो हसला. बोलला, असला काय नियम नाय, गिऱ्हाइकानं सोताच आमाला पसंत केलं."

"मग फोनवर तुम्ही..."

"फोनवर माझी बहीण व्हती." बळीरामचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तिला काय सांगू? तुझा नवरा आमच्या दारात गाडी लावायला लाजतो? तुमचं तोंड नाय राखलं मी. तिचं राखलं."

प्रदीपला वाटलं, याने आता चार शिव्या द्याव्यात, कानाखाली वाजवावी, मोकळं व्हावं आणि मोकळं करावं. "चुकलो, दादा," तो म्हणाला. "मला लाज वाटते."

"वाटू दे," बळीराम म्हणाला. "दिवा कुठला, मागचा?"

त्याने दिवा काढला. आतून पुसला, नवा बल्ब घातला, स्क्रू आवळले. रंभाने घरात जाऊन पिशवी आणली आणि नेहमीसारखी डिकीत ठेवली. "दीपाला शेंगा आवडतात," ती म्हणाली, प्रदीपकडे न बघता. बळीरामने चिंधीला हात पुसले. प्रदीपने सवयीने खिशात हात घातला आणि "हात काढा आधी!" ऐकायची वाट बघत उभा राहिला.

"दोनशे झाले, शेठ," बळीराम म्हणाला.

प्रदीपने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता, रागही नव्हता. कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं होतं. प्रदीपने नोट काढून दिली. बळीरामने ती घडी करून वरच्या खिशात टाकली आणि तो जीपच्या दाराकडे वळला.

खांदा कॉलनीत पोचेपर्यंत प्रदीपने गाडी कशी चालवली, त्याला सांगता येणार नाही. दीपा दारातच उभी होती. पिशवी बघून तिचा चेहरा फुलला. शेंगा हातात घेऊन तिने नेहमीचा प्रश्न विचारला, दर वेळी विचारायची तो, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा. "दादाने पैसे घेतले नाहीत ना?"

खोटं जिभेवर तयारच होतं. आता ते आपसूक यायला लागलं होतं.

"घेतले," प्रदीप म्हणाला.

दीपाचं हसू क्षणभर तसंच तोंडावर राहिलं. मग तिने शेंगा परत पिशवीत ठेवल्या, पिशवी खाली ठेवली. दादाने असं का केलं, हे तिने विचारलं नाही.

"तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.