मधला तुकडा

मुजफ्फरने सोबत आणलेल्या पंपाच्या जुन्या पाइपातून गळाच्या काठीचे दोन तुकडे ओढून काढले आणि बहिणीच्या खाटेवर मांडले. चहा यायच्या आधीच! बोरी अरबला इतक्या वर्षांनी आलेल्या भावाने निदान भाच्यांची चौकशी करावी. पण काम डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला एवढा धीर कुठला?

"तारिकनं गिऱ्हाईक आणलं, आपा. नागपूरचा शौकीन हाये. फोटो पाहूनच ओळखलं त्यानं. बांबूच्या सहा चिपा जोडून केलेली काठी हाये म्हणते, आता अशी बनत नाही. फक्त तुह्याजवळचा मधला तुकडा पाहिजे, मंग काठी पुरी होते."

"मले सांगतं?" नाहिदआपा म्हणाली आणि आत गेली.

अब्बा जंगल खात्यात जीप चालवत. निवृत्त होताना त्यांच्या साहेबांनी ही काठी त्यांना दिली होती. इथे सगळे गळाला गांडूळ लावतात. या काठीला पिसांची खोटी माशी लागायची, ती अलगद पाण्यावर टेकवायची. अब्बा गेल्यावर तिघा भावंडांनी निशाणी म्हणून तिचे तुकडे वाटून घेतले. बूड मुजफ्फरला, शेंडा धाकट्या तारिकला, मधला आपाला. आपण चांगली वस्तू मोडतोय, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. अब्बांच्या घरावरचा हक्क मात्र आपाने सही करून सोडला. भावांनी "राहू दे, आपा" म्हणत म्हणत कागद पुढे सरकवला होता. मग दोघांनाही तिच्या दारात जायची लाज वाटू लागली, आणि पुढे त्या लाजेची सवय झाली.

आपा जुन्या ओढणीची लांब पिशवी घेऊन आली. खुंटीला सरळ टांगलेली असायची ती. तिने आतला तुकडा बाजूला ठेवला आणि आधी भावाने आणलेले उचलले.

"शेंडा भिंतीले टेकवून ठेवला होता?"

"तारिकच्या दुकानात होता. काहून?"

"पाह्य, कसा वाकला तं. आन् ह्या पितळी सांध्याले ग्रीस कोणं फासलं?"

"मीनंच. खराब होऊ नये म्हणून."

"वा रे मेकॅनिक!" तिने पदराने ग्रीस पुसायला घेतलं. "ग्रीसले धूळ चिकटते, मंग सांधा अडकते. अब्बा मेणबत्ती चोळत. तुमी दोघं गॅरेजात राहत होते, अडाण नदीवर त्याइच्यासंग मीच जात होती ना."

तिने घरातून चहाचे कप आणि मेणबत्ती आणली, आणि मेणबत्ती सांध्यांवर हलकीच फिरवली. मुजफ्फर तुकडा पिळून बसवायला लागला, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"पिळू नको. सरळ दाब."

काठी जुळली. अंगणात उभी धरल्यावर शेंडा छपराच्याही वर गेला आणि थरथरत राहिला. दोघं मान वर करून बघत होती. मुजफ्फरला अब्बांची आठवण आली.

"एवढं सगळं माहीत होतं," तो म्हणाला, "तं वाटणीच्या वक्ती बोलली काहून नाही? मधला मांगून घेतला आन् गप बसली."

"मी शेंडा घेतला असता तं बूड आन् मधला जोडून तुमचं भागलं असतं. मधलाच नसला तं दोघायच्या हातात नुसत्या काड्या." आपाने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "घर तं देऊनच टाकलं होतं. म्हटलं, याच्यासाठी तरी येतीन कवातरी."

मुजफ्फरने कप उचलला नाही. त्याची मान खाली गेली.

"ने आता," ती म्हणाली. "खुशीनं ने. तू आला, माहं काम झालं."

तो उठला, सांधे सरळ ओढून त्याने काठी मोकळी केली. मधला तुकडा ओढणीच्या पिशवीत घातला आणि आपाच्या मांडीवर ठेवला.

"हे काय? तारिकले काय सांगशीन?"

"सांगतो, आपा देत नाही म्हणते."

"माह्यावर ढकलतं?" आपा उखडलीच. "त्याचा राग माहीत हाये ना तुले? उद्याच तणतणत येईन इथं भांडाले!"

"येऊ दे ना, आपा," मुजफ्फर म्हणाला. "भांडाले तं भांडाले."