बोटीवरची चोळी-बांगडी

उषाबाईंच्या लेकीला जावई बोटीवर घेऊन निघालाय, ही बातमी जाफराबादच्या त्यांच्या गल्लीत पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. बोट म्हणजे होडीसारखी बोट नव्हे. मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन परत येणारी, पोटात हॉटेल आणि नाटकघर घेऊन तरंगणारी क्रूझ. "एवढ्या पाण्यात भेव न्हाई का वाटायचं दीपमालेला?" शेजारणी विचारायच्या. "तिला पोहून थोडंच जायचंय?" उषाबाई उत्तर द्यायच्या आणि वर हसायच्या. आत काय चाललंय ते गल्लीला कळायचं काही कारण नव्हतं.

आत हे चाललं होतं, की दीपमालेचा आजार उलटला होता. दोन वर्षांपूर्वी गाठ काढली, औषधं झाली, बरी झाली म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले. या पावसाळ्यात पुन्हा दुखू लागलं, आणि या खेपेला पुण्याचे डॉक्टर तिच्याशी न बोलता तिच्या नवऱ्याशी, माऊलीरावांशी, बाजूला जाऊन बोलले. उषाबाईंना यातलं कुणीच काही सांगितलं नव्हतं. आईला सांगायचं नाही, असं दीपमालेनंच सगळ्यांना बजावलं होतं. तिचे आप्पा याच दुखण्यानं आईच्या मांडीवर गेले होते. तेच पुन्हा आईनं बघू नये, एवढीच तिची इच्छा.

पण लपवणाऱ्यांचं मांजरासारखं असतं, असं उषाबाई मनात म्हणायच्या. डोळे मिटून दूध पितात आणि त्यांना वाटतं, जग आंधळं झालं. पंचमीला लेक आली नाही. म्हणे तिच्या लेकीचं, तृप्तीचं, दहावीचं वर्ष आहे. भाऊबीजेला आली नाही. म्हणे माऊलीरावांना सुटी नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात व्हिडिओ कॉलवर डोक्याला घट्ट रुमाल, आणि जावयाच्या बोलण्यात कधी नव्हता तेवढा गोडवा. त्यात एकदा हरिओम, त्यांचा मुलगा, मागच्या दारी फोनवर म्हणाला, "आईला बिलकुल कळू देऊ नका." आई तिथंच भिंतीआड धुणं पिळत उभी होती. त्यापुढचं कुणी सांगायची गरजच उरली नाही.

त्यांनीही कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एवढ्या दुखण्यात पोर आपल्यासाठी काहीतरी करू पाहतेय, आणि तिच्या हातून होण्यासारखं तेवढंच उरलंय, तर ते आपण कशाला मोडायचं? रडायचं ते गोठ्यात जाऊन रडून घ्यायच्या. म्हशीचा एक गुण असतो, ती कारण विचारत नाही.

बोटीचं ठरल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की लेक एवढ्या लांब निघालीय तर माहेरचं काहीतरी सोबत गेलं पाहिजे. आधी साडी म्हणाल्या. हरिओमचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान. तिकिटं, ऑनलाइन अर्ज, सगळं तिथं व्हायचं. तो म्हणाला, बोटीवर देण्याघेण्याची रीत वेगळी असते, मी बघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आला तो मोबाईल घेऊनच पाटावर बसला.

"हे बघ आई, दोन परकार हायेत. एक गिफ्ट कार्ड. बोटीच्या कंपनीचंच असतं, तिच्या मोबाईलवर जातं. ह्या खेपेला वापरलं तर ठीक, न्हाई तर पुढच्या टूरला चालतं. तीन वरसं बाद होत न्हाई. दुसऱ्याला देता बी येतं."

"अन् दुसरं?"

"दुसरं बोटीवरचं क्रेडिट. तिच्या नावानं बोटीवरच पैसे जमा ऱ्हातात. तिथं काय खाल्लं, काय घेतलं, ते त्यातून कटतं. पण बोट परत मुंबईला लागली की उरलेलं गेलं. वापस बी न्हाई अन् पुढं बी न्हाई." मग तो जरा घाईनंच म्हणाला, "कार्डच बराबर राहील. तीन वरसं हायेत ना."

उषाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. हरिओम भाकरी मोडत होता, खात नव्हता. आईला संशय येऊ नये म्हणून तो कार्ड म्हणत होता, हे तर उघडच होतं. पण त्याला स्वतःलाही ती तीन वर्षं हवी होती. एकुलत्या बहिणीला पुढच्या टूरचं कार्ड द्यायचं, म्हणजे पुढची टूर आहे असं स्वतःला सांगायचं. त्यांना पोराची दया आली.

आणि कार्ड घ्यावं असं त्यांनाही एक क्षण वाटलं. उषाबाई म्हणजे साठवणारी बाई. जावयानं घेतलेली इरकली साडी अजून पिशवीतच होती, स्टीलच्या डब्यांवरचे कागद निघाले नव्हते. पोरांनाही तसंच वाढवलं. दीपमालेला नवा फ्रॉक घेतला की दिवाळीला घाल म्हणून ठेवायचा, आणि दिवाळीपर्यंत तो तिला आखूड व्हायचा. पोर तसाच घालून हिंडायची, एका शब्दानं बोलायची नाही. ती आता कार्डही ठेवूनच देणार. तृप्तीला होईल, तृप्तीच्या लग्नानंतर होईल, म्हणत राहील. आणि एक दिवस कार्ड तेवढं मोबाईलमध्ये राहील. त्याच्या पुढचा विचार त्यांनी केला नाही.

"बोटीवरचंच कर," त्या म्हणाल्या.

"आई, वाया जाईल ते."

"जाऊ दे. हे चोळी-बांगडीचं हाये. माहेरच्या चोळी-बांगडीला नवरा हात लावत न्हाई, सासू लावत न्हाई, पोटची पोरगी बी लावत न्हाई. ते लेकीच्याच अंगाला लागलं पाहिजे. कार्ड ती दुसऱ्याला देऊन मोकळी होईल."

"पण पुढच्या खेपेला..." हरिओमनं तांब्या उचलला. तो पाणी प्यायला.

"पुढच्या खेपेचं पुढच्या खेपेला देऊ. आपण काय मेलो का?"

तो शब्द तोंडातून गेला आणि उषाबाईंनी घाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग हरिओमनं डाव्या हातानं मोबाईल उचलला. सोबत दोन शब्द लिहिता येतात, काय लिहू, असं विचारलं. उषाबाई म्हणाल्या, "लिही, समदं संपवूनच ये. आई." त्यानं तसंच लिहिलं.

त्या दिवशी उषाबाई स्वतःवरच खूश होत्या. चोळी-बांगडीचं कारण कसं चपखल बसलं! कुणाच्या मनात काही यायला जागाच ठेवली नाही. झाकली मूठ तशीच राहिली, आणि लेकीचे चार दिवस तिचे तिला मिळाले. मांजराला नावं ठेवणारी बाई स्वतः डोळे मिटून बसली होती, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

बोट निघून तिसरा दिवस होता. दुपारच्या वेळी उषाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. व्हिडिओ कॉल आला. दीपमाला बोटीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती, पाठीमागं नुसतं पाणी. डोक्याला रुमाल नव्हता. बारीक, कापसाच्या बोंडावर असावेत तसे चार केस वाऱ्यानं हलत होते. उषाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"दिसून राह्यलं का, आई? तुझ्याच पैशातून नेट घेतलं. एक तासाचं."

"दिसतंय गं माय. उन्हात कामून बसली?"

"ऊन बरं वाटून राह्यलं." ती हसली. "काल एका पोरीकडून पाय चोळून घेतले. कुठली परदेशातली होती. आधी लै लाज वाटली, मंग झोपच लागली मला. किती महिन्यांनी लागली. अन् आइस्क्रीम खाल्लं, दोनदा. यांना दिलंच न्हाई."

"बरं केलं."

दीपमालेनं फोन तोंडाजवळ घेतला. मग दीपमाला म्हणाली, "आई, तुला कधी कळलं?"

"काय कळलं?"

"असं नको करू. तू जिंदगीत मला कधी संपव म्हणली न्हाईस. वाटीतलं श्रीखंड अर्धं उद्याला ठेव म्हणायचीस. अन् बोटीवर पाय ठेवला तर खोलीत चिठ्ठी, समदं संपवूनच ये. मी तशीच पलंगावर बसले. हे म्हणले, काय झालं? मी म्हणलं, आईला माहीत हाये."

खोटं बोलायला उषाबाईंनी तोंड उघडलं. इतके महिने जमलं होतं, आता जमेना. "पंचमीला तू आली न्हाईस," त्या कशाबशा म्हणाल्या, "तवाच."

"पंचमीपासून? अन् एकटीच बसलीस घेऊन?"

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. लेकीनं नजर समुद्राकडं वळवली.

"एक मोठा फोटो बी काढून घेतला इथं," ती हळूच म्हणाली. "फ्रेमसकट. चांगला आलाय. आप्पांच्या येळेला घरात एक धड फोटो सापडला न्हाई. आधार कार्डावरचा मोठा करून लावला तू. कसे चोरावाणी दिसतात त्यात. म्हणलं, माझा तरी बरा असावा."

"दीपे, नको गं असं बोलू."

"तुझ्यासंगंच बोलता येतंय आता. इथं यांच्यासमोर बोलले की हे उठून जातात." तिनं डोळे पुसले, आणि मग तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "आई, मी घरी येऊ का?"

उषाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला.

"तुला दिसंल म्हणून आले न्हाई गं. पंचमीला बॅग भरली होती, पुन्हा उपसली. भाऊबीजेला दादाला फोनवरच ओवाळलं. मला लै यायचं होतं. आता लपवायचं काही राह्यलं न्हाई, तर येऊ? उतरले की सरळ तिकडंच येते. तुझ्यापाशी ऱ्हाते."

उषाबाईंना ते सगळे महिने एकदम दिसले. इकडं आई गोठ्यात तोंड दाबून रडत होती, तिकडं लेक भरलेली बॅग उपसत होती, आणि दोघी एकमेकींना जपत होत्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ते महिने घरात, एका ताटात जेवून जायला हवे होते. मुळात दिवस थोडे, त्यातले एवढे या शहाणपणात घातले. हे दुःख आजारानं दिलेलं नव्हतं, आपणच आपल्या हातानं केलेलं होतं, आणि त्याला आता इलाज नव्हता.

"ये गं माय," त्या म्हणाल्या. "विचारतीस काय, जल्दी ये."

मग पदर तोंडावरून काढून त्या पहिल्यांदाच लेकीच्या देखत रडल्या. तिकडं तीही रडू लागली. फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही, आणि तासाभराचं नेट तसंच संपत गेलं.