प्रेस बाबाला का चावली नाही?

यंत्रबाबानं हात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखाली घातला आणि पायानं पेडल दाबलं. कारखान्यात सगळ्यांनी श्वास रोखला. पण लोखंडाचा तो जबडा जागचा हलला नाही.

"पाहिलंत? निष्पापाला यंत्र चावत नाही!" बाबा गरजला. "लोखंडाला पापाचा वास येतो. काल आला ना?"

लगेच जयजयकार! काल ह्याच प्रेसनं डावऱ्याचा पंजा चिरडला होता. मी इथली डॉक्टरीण, म्हणजे मलम, पट्टी आणि गोळ्यांची मालकीण. डावऱ्या माझ्या खोलीत तापानं फणफणत होता, हात काळा पडत चालला होता. त्याला मोठ्या इस्पितळात न्या, म्हणून मी कालपासून घसा फोडत होते. पण अपघात म्हटला तर खर्च मालकाचा. पाप म्हटलं तर ज्याचं त्यानं निस्तरायचं. मालकानं गाडी पाठवली, ती बाबाला आणायला.

"पाप घरातलं आहे," म्हणत बाबानं डोळे मिटले आणि बोट रोखलं. मिटल्या डोळ्यांनीही ते बरोब्बर दाराशी उभ्या असलेल्या डावऱ्याच्या बायकोवर गेलं!

झालं. कालपर्यंत तिच्या डब्यातलं खाणाऱ्यांनी तिला केस धरून प्रेसपाशी फरफटत आणलं. कुणीतरी पाना फेकला, तिचं कपाळ फुटलं. "माझ्या भावाचा हात खाल्लास!" म्हणत सख्ख्या दिरानं तिच्या पोटात लाथ घातली.

मी मध्ये घुसले तर कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं. ओठ फाटला आणि मी प्रेसच्या खांबाशी आपटले. समोर हिरवा दिवा जळत होता. काल डावऱ्याला उचलताना हा विझलेला होता! आणि मगाशी, बाबा यायच्या आधी, मुकादम इथंच वाकून किल्ली फिरवत होता.

मी झाडू उचलला, दांडा प्रेसखाली घातला आणि पेडल दाबलं. प्रेस ढिम्म.

"घ्या! झाडूही पुण्यवान निघाला!" मी ओरडले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मारणारे हात थबकले.

"मुकादम, किल्ली काढा."

"कसली किल्ली, बाई?"

दिरानं त्याची कॉलर पिळली आणि खिशातून किल्ली ओढून काढली. मी ती फिरवली, दिवा विझला. पेडल दाबलं. धाड! दांड्याच्या चिंधड्या उडाल्या.

"ह्या दोन खांबांमधून न दिसणारा प्रकाश जातो. मध्ये हात आला, की प्रेस थांबते. पण दर वेळी हात पूर्ण निघेपर्यंत थांबलं तर माल कमी निघतो. म्हणून तुमच्यासाठी हे बंद, बाबासाठी चालू!"

मग सगळे बाबावर तुटून पडले. दात पाडले, दाढी उपटली, हात ओढून प्रेसखाली धरला. दिरानं पेडलवर पाय ठेवला. "दाखव आता पुण्य!"

"किल्ली!" बाबा किंचाळला. "आधी किल्ली फिरवा!"

कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलेल्या डावऱ्याच्या बायकोनं दिराला ढकलून दिलं. "ह्याचा तोडून तुझ्या भावाला हात फुटणार आहे का रे? गाडी काढ, मुडद्या!"

मालकाच्या गाडीतूनच डावऱ्याला नेलं. उशीर व्हायचा तो झालाच होता. जीव वाचला, हात कोपरापासून कापावा लागला.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या कामावर कुणाचं बोट तुटलं आणि कुणी त्याचं पाप शोधायला लागलं, तर त्याला एवढंच विचारा: किल्ली कुणाच्या खिशात होती? उत्तर मिळेपर्यंत यंत्राला हात लावू नका.