दोन अंशांची मोकळीक

रेडिओकाकांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती, तरी गल्लीनं त्यांचं नाव काही बदललं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात वरच्या खोलीत ते एकटे राहत. लग्नाच्या भानगडीत पडलेच नाहीत. जेवायला तेवढे खाली यायचे. दादा बस चालवून निवृत्त झालेले, वहिनी नर्स म्हणून हॉस्पिटलातून. दादांना झोप प्रिय होती आणि वहिनींना काम. निवृत्तीनंतर सहा महिने त्यांनी कपाटं आवरली, आणि आवरायला कपाट उरलं नाही तेव्हा मागच्या अडगळीच्या खोलीत मशरूम लावायला घेतले.

"आयुष्यभर बुरशी दिसली की फेकत आलीस," दादा म्हणाले, "आणि आता तिला अख्खी खोली."

"तुम्हालाही दिलीच की," वहिनी म्हणाल्या.

उकळत्या पाण्यातून काढून निथळलेला पेंढा, त्यात थराथरानं बियाणं, आणि भरलेल्या पिशव्या दोरीला टांगलेल्या. वीसेक दिवसांत पिशवीभर बुरशीची पांढरी जाळी धरायला हवी. पहिली खेप उन्हानं नासली. वहिनींनी भिंतीवर तक्ता लावला होता, वॉर्डात लावतात तसा, सकाळ-दुपार-संध्याकाळचं तापमान लिहिलेला. तो त्यांनी दिराला दाखवला.

"पेशंट दुपारी दोनच्या सुमारास तापतात, भावजी. आणि मी काही दिवसभर पाणी मारत बसू शकत नाही."

रेडिओकाकांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "करता येईल काहीतरी."

खिडकीला ओलं गोणपाट आणि समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा, इथपर्यंत सोपं होतं. पण पंखा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, हे ठरवणारं कुणीतरी हवं. त्यासाठी त्यांनी मायक्रोकंट्रोलर आणला. दोन बोटांएवढा बोर्ड. खरं सांगायचं तर या जातीची त्यांना धास्ती होती. रेडिओत प्रत्येक भागाला आपला चेहरा असतो, कोण आजारी आहे ते दिसतं. इथे सगळं एका काळ्या चौकोनात, आणि तो ऐकणार फक्त लिहून दिलेलं. काकांनी पुस्तक आणलं, भिंग काढलं, आणि एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. एका अर्धविरामापायी दीड दिवस गेला.

"आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत धड अक्षरंही नसायची," वहिनी चहा ठेवताना म्हणाल्या, "तरी औषध बरोबर मिळायचं."

"या डॉक्टरला कंपाउंडर नाही, वहिनी."

आठव्या दिवशी डबा तयार झाला. सेन्सर तापमान सांगणार, बोर्ड ते वाचणार, सव्वीसच्या वर गेलं की रिलेला इशारा देणार आणि रिले पंख्याचा स्विच ओढणार. सव्वीसच्या खाली आलं की बंद. बारा नव्या पिशव्या टांगल्या. डब्यावर लाल आकडे उमटले आणि पंखा फिरू लागला. वहिनी कमरेवर हात ठेवून त्या आकड्यांकडे इतक्या कौतुकानं बघत होत्या, की काकांना उगाचच खिसे चाचपावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जिना चढून वर आल्या.

"भावजी, तुमचा डबा सारखा टक टक करतोय. थंडी वाजल्यासारखा."

काका खाली आले, डब्यासमोर उभे राहिले. पंखा फिरत होता. आकडा सव्वीसच्या आसपास. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"काही नाही, वहिनी. भास होतोय तुम्हाला."

"भास? अहो, ह्यांना विचारा."

दादा पेपरामागून म्हणाले, "दीर-भावजयीच्या मध्ये मी पडत नसतो."

विषय तिथेच राहिला. चौथ्या दिवशी वहिनींना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, दादा सोबत गेले, काकांनी वर डुलकी काढली. चार वाजता वहिनी परतल्या तर पंखा बंद आणि डब्यावर पस्तीस. सात पिशव्यांना आंबूस वास सुटला होता. त्यांनी त्या सात पिशव्या एकेक करून उतरवल्या आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या. त्यांचं हे न बोलणंच काकांना फार लागलं.

त्यांनी डबा उघडला. रिले जळाला होता. चार दिवसांचा नवा रिले. दुसरा बसवला, पंखा सुरू केला, आणि झाकण उघडं ठेवूनच समोर स्टुलावर बसले. आकडा पंचवीस पूर्णांक नऊ. मग सव्वीस पूर्णांक एक. मग पुन्हा पंचवीस पूर्णांक नऊ. रिलेच्या कडेचा बारीक दिवा डोळे मिचकावत होता. लाग, बंद, लाग, बंद. पंखा आपल्या ओढीनं फिरतच राहायचा, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं. काकांनी कान अगदी डब्याला टेकवला. शांत. मग त्यांनी रिलेच्या पाठीवर बोट ठेवलं, आणि बोटाला ते लागलं. टक. टक. टक.



सारख्या लाग-बंदनं रिले जळाला, हे त्यांना समजलं होतंच. तो दहा मिनिटांचा प्रश्न होता. त्यांना आठवत होतं दुकान. शेवटच्या दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक परत यायचं, काका, अजून खरखरतोय हो. ते कान लावायचे आणि सांगायचे, आता अगदी स्वच्छ आहे. गिऱ्हाईक जरा घुटमळायचं आणि निघून जायचं. पुढे येईनासं झालं. त्यांनी मोबाइलला दोष दिला, जमान्याला दिला. तशी रेडिओ ऐकणारी माणसं कमीच झाली होती, ते खोटं नव्हतं. पण खरखर होती. ती सगळ्यांना ऐकू येत होती.

वहिनी हात पुसत दारात आल्या, तेव्हा काकांचं बोट अजून रिलेवरच होतं.

"भास तुम्हाला होत नव्हता," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही, वहिनी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

काकांना हसू फुटलं. वहिनीही हसत हसत उलट्या केलेल्या बादलीवर टेकल्या. थोड्या वेळानं डोळे पुसत काका म्हणाले, "तुमच्या सात पिशव्या गेल्या हो माझ्यामुळे."

"पिशव्या पुन्हा भरता येतात. आणि हे बघा, तुम्ही आयुष्यभर लोकांचे स्पीकर बदलून दिलेत, तेव्हा कुठे त्यांच्या रेडिओला लाज वाटली? सोमवारी माझ्याबरोबर चलायचं. आमच्या हॉस्पिटलात कानाच्या बाई चांगल्या आहेत. भुणभुण करायची नाही."

काकांनी नेमका हात कानामागे नेला. "काय म्हणालात?"

"भावजी, आता सवलत मिळणार नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी बोर्डाचं लिखाण सुधारलं. सव्वीसच्या वर गेलं की पंखा लाव, पण चोवीसपर्यंत उतरल्याशिवाय बंद करू नकोस. दोन अंशांची मोकळीक. टक टक थांबली. काकांना ती थांबल्याचं वहिनींनी येऊन सांगितलं.

सोमवारी कानाच्या बाईंनी तपासणी केली. त्या विचारत काकांना आणि उत्तरं वहिनी देत. शेवटी बाईंनी वहिनींना बाहेर बसवलं. आठवड्यानं यंत्र मिळालं, चण्याच्या डाळीएवढं. घरी येताना काकांना रस्ता फारच बडबड्या वाटला आणि आपल्या चपला इतक्या वाजतात, याची त्यांना लाजच वाटली.

उरलेल्या पाच पिशव्यांनी वहिनींचा मान राखला. महिनाअखेर त्यांच्या कडांमधून राखाडी छत्र्या फुटल्या, एकावर एक, झुंबरासारख्या. वहिनींनी त्या देठाशी पिरगळून अलगद काढल्या आणि कांदा-मिरी घालून परतल्या. सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या दादांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. काका खाली मान घालून मन लावून जेवत होते.

दादा वहिनींकडे झुकले आणि गेली दोन वर्षं भावाच्या समोरच त्याच्याविषयी बोलायची जी सवय लागली होती, त्या दबक्या आवाजात म्हणाले, "बघितलंस का, चौथ्यांदा घेतोय हा."

"तिसऱ्यांदा," रेडिओकाका म्हणाले, आणि वाडगं पुढे ओढलं.